पेनातला ‘ए’

विदर्भातल्या एका खेड्यात तिसरीच्या वर्गात इंग्रजीचं डिक्टेशन चाललं होतं. बाहेर कपाशीची पऱ्हाटी कमरेला लागलेली, चार दिवसांच्या झडीनंतर नुकतीच उघाड पडलेली. मॅडमनी दहा शब्द सांगितले. सहावा शब्द होता पेन. खिडकीजवळच्या एका मुलीनं तो ओठांतल्या ओठांत दोनदा म्हणून पाहिला, क्षणभर थांबली आणि ठाम हातानं लिहिलं: पी, ए, एन. वही तपासून परत आली तेव्हा त्यावर लाल फुल्ली होती. ती जागेवरच उभी राहिली. “पन मॅडम, पेनात ‘ए’च हाय नं?” वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. पण थांबायला त्यांना वेळही नव्हता. द्विशिक्षकी शाळा, त्याच खोलीत पलीकडच्या भिंतीकडे तोंड करून चौथीची मुलं भागाकार करत बसलेली. “पी-ई-एन, पेन. दहादा लिहून काढ,” म्हणून त्या चौथीकडे वळल्या. मुलगी खाली बसली आणि लिहायला लागली. दहाही वेळा तिनं बरोबर लिहिलं.

तिचा प्रश्न मात्र तसाच राहिला.

आणि तो प्रश्न मनातून जात नाही, कारण त्या मुलीचं कुठेच काही चुकलं नव्हतं. तिनं शब्द ऐकला, त्यातला स्वर वेगळा काढला, तो ‘ए’ आहे हे ओळखलं, आणि ज्या अक्षराला सगळी शाळा ‘ए’ म्हणते ते अक्षर लिहिलं. मराठीनं तिला हेच शिकवलंय. मराठीत क म्हणजे क. अक्षराचं नाव आणि त्याचा आवाज यांत फरकच नाही, म्हणून बाराखडी पाठ झालेलं मूल कधी न पाहिलेला शब्दही वाचू शकतं. हाच विश्वास घेऊन ते इंग्रजीच्या दाराशी येतं आणि तिथे ‘ए’ नावाचं अक्षर बॅटमध्ये ‘ॲ’ होतं, ‘ई’ नावाचं अक्षर पेनात ‘ए’ होतं आणि ‘आय’ नावाचं अक्षर पिनमध्ये ‘इ’ होतं. एकही स्वर आपल्या नावाला जागत नाही. हे कुणी तरी पहिल्याच आठवड्यात मुलांना सांगायला हवं, आणि नेमकं तेच राहून जातं.

यामागं कारण आहे, आणि ते शिक्षकाला ठाऊक असलं की त्याचा मुलांवरचा राग निम्मा होतो. विल्यम कॅक्स्टननं इंग्लंडात पहिला छापखाना घातला १४७६ मध्ये. छापखान्याबरोबर स्पेलिंगं हळूहळू घट्ट होत गेली, आणि साधारण त्याच दोन-अडीच शतकांत इंग्रजीतले दीर्घ स्वर एकेक करून आपली जागा सोडून सरकले. ‘नेम’ हा शब्द त्याआधी जवळजवळ ‘नाऽम’ असाच बोलला जायचा, आपल्या ‘नाम’सारखा. बोलणं पुढं गेलं, लिहिणं मागं राहिलं. म्हणजे त्या मुलीच्या वहीवरची फुल्ली ही पाचशे वर्षांपूर्वीच्या लंडनमधल्या घोळाची फुल्ली आहे.

महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून आहे. इतक्या वर्षांत गावोगाव सव्वीस अक्षरं पोचली, पण आवाज पोचले नाहीत. इंग्रजीत स्वरांची अक्षरं पाच आणि ब्रिटिश उच्चारातले स्वर मोजले तर वीस: बारा साधे, आठ जोडस्वर. हे वीसच्या वीस सहा-सात वर्षांच्या मुलाच्या माथी मारायची काही गरज नाही. ‘ओ’ थोडा मराठी वळणाचा झाला तरी ‘गोट’ म्हणजे बकरी हे जगात कुणालाही कळतं. ‘कप’, ‘बस’, ‘पंप’ यांतला स्वर तर आपल्या ‘अ’च्या इतका जवळ आहे की तो शिकवावाच लागत नाही. फक्त तो ‘यू’ या अक्षरानं लिहितात, एवढं सांगावं लागतं, नाही तर मुलं ‘कुप’ वाचतात. खरी अडचण तीनच ठिकाणी येते, आणि तिथं मात्र अर्थच बदलतो. त्यातली पहिली जागा म्हणजे हेच पेन.

पेन आणि पॅन. मेन आणि मॅन. एक माणूस की अनेक, हे दुसऱ्या जोडीत त्या एका स्वरावर ठरतं, शेवटी ‘एस’ वगैरे काही लागत नाही. मराठीतला ‘ए’ लांब असतो, इंग्रजी पेनातला आखूड. ‘एक’ आणि ‘एक्का’ म्हणून पाहा: एक्क्यातला जो तोकडा ‘ए’ आहे तो पेनात हवा. आपण तो लांबवतो, आणि मग लिहायचं पेन व दुखण्याचं ‘पेन’ सारखंच ऐकू येतं. देवनागरीत तर दोन्ही सारखंच लिहिलं जातं. दुखण्याच्या शब्दात शेवटी जीभ हलकेच ‘इ’कडे चढते, ‘पेइन’, पण तो फरक चौथी-पाचवीपर्यंत थांबू शकतो. ‘ॲ’ थांबू शकत नाही. त्याला मराठी वर्णमालेत रीतसर जागा मिळाली ती २००९ च्या शासन निर्णयानं, पण खेड्यातल्या पोराच्या तोंडात तो त्याआधीपासून आहे, क्रिकेटमुळे. ‘कॅच’ असं ओरडताना कुणाचाच स्वर चुकत नाही, कारण ओरडताना जबडा आपोआप खाली पडतो. तेच मूल वर्गात शांतपणे वाचायला लागलं की बॅटची ‘ब्याट’ होते, बॅगची ‘ब्याग’. जबडा पुरता उघडत नाही आणि मध्ये ‘य’ घुसतो.

यावर सगळ्यात चांगला उपाय वर्गाबाहेर बांधलेला असतो. बकरी ओरडते तो स्वर बराचसा ‘ॲ’सारखा आहे. मुलांना आधी बकरी ओरडायला लावायची, ‘बॅऽऽऽ’, आणि त्या लांब स्वराच्या शेवटी ‘ट’ लावायचा: ‘बॅऽऽऽट’. मग हळूहळू आखूड करत आणायचं. ओरडताना हाताची पाठ हनुवटीखाली धरायची. पेन म्हणताना हनुवटी हाताला जेमतेम टेकते, पॅन म्हणताना हात खाली दाबला जातो. दातांमधलं अंतर पाहायचं तर पेनाला मुलाचं एक बोट, पॅनला दोन बोटं, एकावर एक. बोट तोंडात घालायचं नाही, गालाजवळ धरून आरशात पाहायचं. चार-पाच मुलांत एक छोटा आरसा पुरतो. ओठांचे कोपरे दोन्ही वेळा बाजूला ओढलेले असावेत. ओठ गोल झाले की समजायचं, स्वर ‘ऑ’कडे घसरला. ज्यांचा ‘य’ जातच नाही त्यांना ‘ह’नं सुरुवात करून द्यावी: हॅट, हॅम, हॅण्ड. ‘ह’ म्हणताना जीभ टाळूकडे जात नाही, त्यामुळे ‘य’ला शिरायला वाव राहत नाही.

हाच ‘य’ शब्दाच्या आरंभी ‘ए’ला पण चिकटतो. आपल्याकडे एकाचं ‘येक’ होतं आणि एसटीची ‘यष्टी’, म्हणून एगचं ‘येग’ होतं, एलिफंटचा ‘येलिफंट’. याला रागावून काही होत नाही. लेग हा शब्द येतो ना? मग ‘लेग, लेग, लेग’ म्हणत राहायचं आणि चौथ्या वेळी ‘ल’ गिळायचा. एग तयार.

पण बोलण्याआधी ऐकणं. याचा क्रम उलटा केला की महिनाभर घसा कोरडा होतो आणि हाती काही लागत नाही. जो फरक कानाला कळत नाही तो तोंडातून यायचा कसा? यासाठी एक खेळ आहे, त्याला साहित्य लागतं ते खडू आणि मूठभर चिंचोके. प्रत्येक मुलासमोर फरशीवर दोन गोल. डाव्या गोलात पेनाचं चित्र, उजव्यात तव्याचं. शिक्षकानं बारा शब्दांची यादी आधीच चिठ्ठीवर लिहून ठेवायची आणि ती मुद्दाम वेडीवाकडी ठेवायची: कधी तीनदा ओळीनं पॅन, कधी एक आड एक. ऐनवेळी मनानं बोललं तर आपण नकळत पेन-पॅन-पेन-पॅन असंच म्हणतो, आणि पोरं तो ताल दोन मिनिटांत पकडतात. शब्द सांगताना तोंडासमोर वही धरायची, ओठांना चिकटवून नाही, चार बोटं अंतरावर, म्हणजे आवाज दबत नाही आणि मुलांना ओठ वाचता येत नाहीत. ऐकलेल्या शब्दाच्या गोलात एक चिंचोका. मुलांना पाठीला पाठ लावून बसवायचं, नाही तर सगळ्यांचे चिंचोके वर्गातल्या हुशार मुलीच्या मागोमाग जातात. बारापैकी सहा बरोबर म्हणजे निव्वळ अंदाज, कान अजून उघडलेला नाही. लागोपाठ दोन दिवस दहा किंवा जास्त आले की मग तोंडानं म्हणायला घ्यायचं. रोज दहा मिनिटं, आठवड्याला तीनच जोड्या. जास्त घेतल्या की आधीच्या पुसल्या जातात.

यात एक गोष्ट हमखास फसते. ‘ॲ’ म्हणताना तोंड मोठं उघडतं, त्यामुळे आवाजही मोठा होतो. मुलं स्वर ऐकायचं सोडून मोठा-बारीक ऐकायला लागतात आणि बाराला बारा आणतात. शिक्षकाला वाटतं जमलं. म्हणून अधूनमधून पेन मोठ्यानं आणि पॅन हळू म्हणून पाहायचं. तिथं गुण घसरले तर खेळ पुन्हा पहिल्यापासून. दुसरी फसगत समूहानं म्हणण्यात होते. तीस मुलं एकदम ‘मॅन’ म्हणतात तेव्हा पाचांचा आवाज ऐकू येतो, बाकीची त्यांच्या मागं लपलेली असतात. पाच-पाचांच्या रांगेनं म्हणवून घ्यायचं. आणि टिनाच्या शाळेत पाऊस असेल तर हा तास घेऊच नये, त्या दिवशी चित्रं काढावीत. टिनावरच्या पावसात ‘ए’ आणि ‘ॲ’ मोठ्या माणसालाही वेगळे ऐकू येत नाहीत.

दुसरी जागा इ आणि ई ची. पुस्तकांत यासाठी शिप आणि शीप ही जोडी असते. विदर्भातल्या मुलानं मेंढ्या पाहिलेल्या असतात, उन्हाळ्यात शेतात बसवलेला अख्खा कळप पाहिलेला असतो. जहाज नाही. त्यापेक्षा सिट आणि सीट घ्यावी. सीट एसटीतली, जिच्यासाठी खिडकीतून रुमाल टाकतात ती, आणि सिट म्हणजे बस. वर्गात दिवसातून सगळ्यांत जास्त वेळा ऐकू येणारी इंग्रजी आज्ञा ‘सीट डाउन’ अशीच दिली जाते. त्यात शिक्षकाचा दोष नाही, मराठीचा नियमच तसा आहे. वीट, पण विटा. मूल, पण मुलं. जीभ, पण जिभेला. अकारान्त शब्दात शेवटून दुसरा इकार-उकार आपण लांबच म्हणतो, लिहितोही लांबच. त्यामुळे एका दमात संपणारा सिट, बिग, पिन, किंवा फुल हा प्रत्येक इंग्रजी शब्द मराठी जिभेवर आला की ताणला जातो. सगळं भरलेलं ‘फुल’ आणि मूर्ख ‘फूल’ एक होऊन बसतात.

मात्र याच मराठीत त्याचं औषधही आहे. जोडाक्षरासमोर आपण इ-उ आखूडच म्हणतो. रस्त्यावर टाकतात ती गिट्टी. चिठ्ठी, मिठ्ठू. ‘गिट्टी’ म्हणायचं आणि शेवटची ‘टी’ खाऊन टाकायची, ‘गिट्’ उरतं, त्याच्या जागी ‘सिट्’ म्हणायचं. उकारासाठी शब्द वहीतच असतो: फुल्ली. ‘फुल्ली’मधली शेवटची ‘ली’ काढली की इंग्रजीतलं नेमकं ‘फुल्’ मिळतं. दहा मिनिटांत पहिलीतलं मूलही हे करतं, आणि त्याला व्याकरणाचा एक शब्द सांगावा लागत नाही.

इथं एक सावधगिरी. ऱ्हस्व-दीर्घ म्हणजे कमी वेळ-जास्त वेळ, एवढंच शिकवलं तर पुढं घोटाळा होतो. इंग्रजीत क, ट, प यांच्याआधी येणारा लांब स्वर आवरला जातो आणि ग, ड, ब यांच्याआधी आखूड स्वरही थोडा पसरतो. त्यामुळे ‘सीट’मधला ई आणि ‘बिग’मधला इ घड्याळ लावून मोजले तर फारसे वेगळे निघत नाहीत. खरा फरक ताणाचा आहे. अंगठा हनुवटीच्या मऊ भागाखाली धरून ‘ई’ म्हटलं की आतला स्नायू कडक होतो, ओठ हसल्यासारखे ताणले जातात. ‘इ’ला तोच भाग सैल, जीभ किंचित खाली. मुलांना हे फार आवडतं, आपल्याच गळ्याखाली काही तरी हलतंय हे पहिल्यांदा कळल्याचा आनंद असतो त्यात.

यवतमाळकडच्या शाळांत कोलामी आणि गोंडी बोलणाऱ्या घरांतली मुलं असतात. मराठी कच्चं म्हणून त्यांना मागच्या ओळीत बसवलेलं दिसतं. पण या द्राविडी भाषांत स्वर आखूड की लांब यावर शब्दाचा अर्थ बदलतो. म्हणजे स्वराची लांबी ऐकण्याचा जो सराव मराठी घरातल्या मुलाला नव्यानं करावा लागतो, तो यांच्या कानाला जन्मापासून आहे. चिंचोक्यांच्या खेळात सीट-सिटची जोडी आली की त्यांना पुढं बोलवावं. मागच्या ओळीतलं मूल पुढं येऊन बरोबर गोलात चिंचोका ठेवतं तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे उमटतं, त्यासाठी तरी हा खेळ घ्यावा.

तिसरी जागा ऑ. ही मी घाईनंच ओलांडतो, कारण ती तितकी नडत नाही. आपल्याकडे डाक्टर, कालेज, हाटेल चालतं आणि त्यावरून नागपूरच्या पलीकडं शिकायला गेलेली मुलं टोमणे खातात. पण अमेरिकेत ‘हॉट’चा स्वर ओठ गोल न करताच म्हणतात, बऱ्यापैकी आपल्या ‘हाट’सारखा. मोबाइलवर इंग्रजी गाणी पाहणारं मूल तो रोज ऐकतं. ओठ गोल करायला शिकवावेत, कारण कट, कार्ट, कॉट हे वेगळे राहायला हवेत. लाजवू मात्र नये.

राहतो भिंतीवरचा तक्ता. बाजारात मिळणाऱ्या तक्त्यांवर बरेचदा आयसाठी आइस्क्रीम असतं, ओसाठी आउल म्हणजे घुबड, ईसाठी ईगल. चित्रं सुंदर, पण आइस्क्रीममध्ये ‘इ’ नाही, घुबडात ‘ऑ’ नाही आणि गरुडात ‘ए’ नाही. मूल वर्षभर तो तक्ता पाहतं आणि पिनला ‘पाइन’ वाचतं. त्या तीन चौकटींवर कोरा कागद डकवून इंक, ऑरेंज आणि एग काढावं. संत्र्याचं चित्र तर इथल्या कुठल्याही मुलाला न पाहता काढता येतं. दुसरं म्हणजे व्यंजनं. बीचा आवाज ‘ब’ म्हणून सांगितला की त्यात ‘अ’ आलाच, मग ब-ॲ-ट जोडताना ‘बॲट’ असा मोडका शब्द तयार होतो. पाय मोडलेला ‘ब्’ सांगावा, ओठ मिटून झटकन सोडलेला. मराठीत पाय मोडणं मुलांना कळतं, फक्त ते इंग्रजीत वापरायचं कुणी सुचवत नाही.

वेचणी सुरू झाली की वर्ग निम्मा रिकामा होतो. कापूस घरात येईपर्यंत मुलं शेतात असतात, आणि परत येतात तेव्हा स्पेलिंगं बहुतेक टिकलेली असतात, स्वर गेलेले असतात. कारण स्पेलिंग वहीत राहतं, आवाज कुठंच लिहिलेला नसतो. तेव्हा दिवाळीनंतरचा पहिला आठवडा नवं काही न घेता पुन्हा चिंचोक्यांना द्यायचा. तेवढ्यात कान परत जागेवर येतात, पहिल्यापेक्षा लवकर.

त्या दिवशी शाळा सुटताना वह्या टेबलावर राहिल्या होत्या. खिडकीजवळच्या मुलीची वही सगळ्यांत वर होती. पी-ई-एन, पी-ई-एन, दहा ओळी, अक्षर वळणदार, एकही खाडाखोड नाही. दहाव्या ओळीखाली तिनं शिसपेन्सिलीनं, अगदी फिकट, देवनागरीत ‘पेन’ लिहिलं होतं आणि त्यातल्या मात्रेभोवती एक गोल काढला होता.